शंभर टक्के भरलेली टाकी

"टाकी शंभर टक्के भरलीय," मी म्हटलं आणि मोबाइल ज्ञानूच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघा. शंभर."

ज्ञानूने मोबाइल पाहिला, मग शाळेसमोरचा नळ पाहिला. नळ पूर्ण उघडा होता आणि त्याच्या तोंडातून एक मुंगी सावकाश बाहेर येत होती.

"बाई," तो म्हणाला, "त्या मुंगीचं पाय कोरडं हायती."

सकाळचे साडेआठ वाजले होते. चिंचवळमध्ये त्या दिवशी बारा वाजता चारशे बारा बायका येणार होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीचे पाय वेशीत धुवायचे होते.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. चिंचवळ हे आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या मुली हंडे वाहत वाढायच्या आणि लग्न होऊन गेल्या की माहेरी यायचं टाळायच्या, कारण माहेरपणाला आलं तरी पहाटे उठून डोक्यावर हंडा घ्यावाच लागे. मग नदीवरून अकरा गावांची मिळून एक पाणीयोजना झाली आणि त्या उन्हाळ्यात चिंचवळच्या नळाला पहिल्यांदा रोज पाणी आलं. ग्रामसभेने ठराव केला. गावच्या सगळ्या लेकींना एक दिवस माहेरी बोलवायचं, भावांनी त्यांचे पाय धुवायचे, पुरणपोळीचं जेवण घालायचं आणि ओटी भरून पाठवणी करायची. कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण नवऱ्याने टाकलेली, हे त्या दिवशी विचारायचं नाही, असंही ठरावात लिहिलं होतं. हे कलम हौसाबाईंनी घालायला लावलं होतं. हौसाबाई म्हणजे ज्ञानूची आई. वय पासष्ट, बचत गटाच्या अध्यक्ष, आणि आवाज असा की गावाला दवंडीची गरज पडत नसे.

त्याच ग्रामसभेत मी उभी राहून म्हणाले होते, "त्या दिवशी पाणी कमी पडणार नाही. माझा शब्द." कोणी मागितला नव्हता. मलाच मेली शब्द द्यायची हौस.

मी तेव्हा अकरा गावांच्या शिखर समितीची समन्वयक होते. टाकीतलं पाणी मोजणारं यंत्र एका कंपनीचं. त्याचे आकडे पाठवणारं सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचं. ते आकडे बघून टाकीत पाणी घेणारा व्हॉल्व्ह उघडायचा की बंद ठेवायचा हे ठरवणारी प्रणाली तिसऱ्या कंपनीची, आणि तीही आमच्या एकट्याची नव्हे, राज्यातल्या साठ योजना तिच्यावर चालायच्या. या तिघांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं, हे माझं काम. माझा स्वतःचा घटस्फोट होऊन तेव्हा चार महिने झाले होते. अशा बाईला हे काम द्यायचं म्हणजे समितीने थट्टाच केली होती, असं मला वाटायचं.

ज्ञानू त्याआधी बावीस वर्षं गावचा पाणी सोडणारा होता. बाभळीची एक गुळगुळीत काठी त्याच्याजवळ असे. काठीचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की पाणी कुठे आहे आणि किती जोरात आहे ते त्याला कळायचं. आता व्हॉल्व्ह आपोआप उघडत होता. गावकरी रात्रीबेरात्री हात घालतात म्हणून कंपनीने व्हॉल्व्हचं हँडलसुद्धा काढून नेलं होतं. ज्ञानूला "सहायक" असं नाव मिळालं होतं. काठी मात्र त्याने सोडली नव्हती.

आता तो गुडघ्यावर बसला, टाकीतून उतरणाऱ्या पाइपावर काठी टेकवून डोळे मिटले.

"रिकामी हाय," तो म्हणाला. "काल बायांनी धुऊन काढली, तवापासून थेंब आल्याला न्हाई. म्या वर जाऊन बघितलं असतं, पर ह्यो गुडघा. कुनाला तरी धाडू का वर?"

"थांबा, आधी फोन करते," मी म्हटलं. दिवसभराची मोठी चूक मी तिथेच करून ठेवली.

तिघांनाही मी एका फोनवर घेतलं. यंत्राच्या कंपनीचे तांबोळी, सिमकार्डाच्या कंपनीची एक गोड आवाजाची मुलगी आणि प्रणालीचे नाडकर्णी.

"आमचं यंत्र उत्तम चालतंय मॅडम," तांबोळी म्हणाले. "दर मिनिटाला आकडा देतंय. शंभर."

"आमच्याकडून नेटवर्क पूर्णपणे सुरळीत आहे," मुलगी म्हणाली. पुढच्या दीड तासात ती हेच वाक्य सात वेळा म्हणाली, आणि प्रत्येक वेळी तितक्याच गोड आवाजात.

"आमच्या पडद्यावर तर सगळं हिरवं आहे," नाडकर्णी म्हणाले.

"तुमच्या तिघांचंही हिरवं आहे हो, पण आमच्या नळाला टिपूस नाही! तुम्ही तिथून व्हॉल्व्ह उघडा."

"भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडता येत नाही. टाकी वाहून जाऊ नये म्हणून तो नियम आहे."

"टाकी रिकामी आहे."

"आमच्याकडे भरलेली आहे."

"मग नियम तेवढा काढा. फक्त आमच्या गावापुरता."

"एका गावापुरता निघत नाही मॅडम. काढला तर साठच्या साठ योजनांचा निघतो. त्याला सहा सह्या लागतात."

यावर तांबोळी म्हणाले की दोष प्रणालीचाच असणार. नाडकर्णी म्हणाले की आकडा तांबोळींचा आहे, प्रणाली फक्त ऐकते. मग दोघांनी मिळून सिमकार्डावर ढकललं आणि मुलीने तिचं वाक्य म्हटलं. हे तिन्ही लोक सभ्य होते, हुशार होते आणि आपापल्या जागी खरं बोलत होते. अशा वेळी भांडायलासुद्धा धड कोणी मिळत नाही.

तेवढ्यात हौसाबाई आल्या. हाताला कणीक, पदर खोचलेला.

"वृषालीबाई, पानी कुटं आडलं? पुरन शिजलंय, हात धुवायला पानी न्हाई. पिपातलं सगळं सैपाकाला लागलं."

"येतंय आई, दहा मिनिटांत," मी म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या गेल्या नाहीत. नळाकडे बघत उभ्या राहिल्या. मग एकदम हळू आवाजात बोलल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"शेवंती येतीया आज. माजी लेक. आकरा वर्सं झाली. गरवार हुती तवा आली हुती, आन हंडा घिऊन घसरली हिरीच्या पायरीवर. पोर वाचलं, पर तिनं सांगितलं, आई, नळाला पानी आलं की बोलीव, तवर मी येत न्हाई. म्या काल सोता फोन केला. म्हनलं, ये गं, आता नळ हाय." त्यांनी कोरडा नळ उगाच बंद करून पुन्हा उघडला. "आता ती येनार आन मी तिला काय दावनार? मुंग्या?"

ज्ञानूने मान खाली घातली. बारा वाजता बहिणीचे पाय त्यालाच धुवायचे होते.

दहा वाजले. फोन चालूच होता. टँकर मागवायचा तर तालुक्याहून यायला तीन तास. तिघांची चर्चा आता, अहवालात आपल्या कंपनीचं नाव कुठल्या रकान्यात जाऊ नये, इथपर्यंत येऊन पोचली होती. त्यांचं बोलणं ऐकत मी उगाच मोबाइलवर बोट फिरवत होते, तेव्हा कालचा आलेख समोर आला. टाकीतलं पाणी दाखवणारी ती रेघ दुपारी धुण्यासाठी टाकी रिकामी केली तेव्हा शून्यावर आली होती. धुणं चालू असताना व्हॉल्व्ह सहापर्यंत मुद्दाम बंद ठेवलेला, म्हणून संध्याकाळी पाच चाळीसपर्यंत शून्य. पाच एकेचाळीसला शंभर. रेघ सरळ उभी चढली होती.

"नाडकर्णी," मी म्हटलं, "एक लाख लिटरची टाकी एका मिनिटात भरते का?"

नाडकर्णींनी तोच आलेख आपल्याकडे उघडला.

"तांत्रिकदृष्ट्या," नाडकर्णी म्हणाले, "नाही भरत."

"मग तुमच्या प्रणालीला यात काही वावगं वाटलं नाही?"

"तिला तसं वाटायला हवं, असं आपण तिला सांगितलेलं नाही."

मलाही वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी मी शंभरचा आकडा बघून खुशाल भजी खात बसले होते.

"ज्ञानू, काल पाच चाळीसला टाकीवर कोण होतं?"

"आईच हुती की. आन गटाच्या बाया. धुऊन झाल्यावं त्याच वक्ताला उतरल्या."

मी ओढणी कमरेला बांधली, मोबाइल चालूच ठेवून कुडत्याच्या खिशात टाकला आणि टाकीच्या जिन्याला लागले. चाळीस फूट उंच जिना, हाताला चटके बसतील इतका तापलेला. उंचीची मला भीती वाटते, हे नोकरीच्या अर्जात कुठेच विचारलं नव्हतं. खिशातून तांबोळी आणि नाडकर्णी आळीपाळीने "मॅडम, आहात ना?" विचारत होते. हौसाबाई खाली उभ्या राहून वर बघत होत्या आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा बदलला होता.

वर गेले. झाकण उचललं. आत स्वच्छ घासलेली, ओल्या सिमेंटच्या वासाची, ठार रिकामी टाकी. आणि झाकणाच्या कडेला, पाणी मोजणारं यंत्र जिथे उलटं लोंबतं तिथे, हिरव्या खणाची एक पुरचुंडी सुबक गाठी मारून बांधलेली. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. हात लावला तर आत नारळ.

ते यंत्र खाली आवाज सोडतं आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून टाकी किती भरली ते ओळखतं. त्याच्या तोंडाशीच नारळ बांधलेला. बिचाऱ्याने काल संध्याकाळपासून इमानेइतबारे नारळाचीच पातळी कळवली होती.

"मॅडम, काय आहे वर?" खिशातून तांबोळी ओरडले. "सेन्सर तुटलाय का?"

चाळीस फुटांवर, एका हाताने कठडा धरून मी एकटी हसत बसले होते. इतकं हसू मला त्या वर्षात आलं नव्हतं. भीतीबिती कुठल्या कुठे गेली.

"तुटलेला नाही," शेवटी मी म्हटलं. "त्याची ओटी भरलीय."

"काय भरलंय?"

"ओटी, तांबोळी, ओटी! खण-नारळाची!"

मी गाठी सोडल्या. पुरचुंडी छातीशी धरली आणि मोबाइल काढून बघत राहिले. शंभर. शंभर. मग शून्य. शंभरावरून एकदम शून्य. आता खाली व्हॉल्व्ह उघडायला हवा होता. मी वरून ओरडले, "ज्ञानू, काठी लावा!"

ज्ञानूने काठी लावली, डोळे मिटले. हौसाबाईंनी दोन्ही हात जोडले. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. एकतीसला ज्ञानूने डोळे उघडले.

"आलं!" तो ओरडला. "आई, आलं! लै जोरात येतंया! मायला, गातंया नुसतं!"

माझ्या पायांखाली टाकीच्या पोटात धबधब सुरू झाली. सगळी टाकी थरथरत होती. खिशातून नाडकर्णी विचारत होते, "मॅडम, तो आवाज कसला?" मी मोबाइल झाकणातून आत धरला आणि तिघांनाही तो आवाज ऐकवला. ती गोड आवाजाची मुलगी पहिल्यांदाच वेगळं काही बोलली. म्हणाली, "अय्या, किती छान!"

खाली उतरले तेव्हा हौसाबाई माझ्या हातातल्या खणाकडे बघत होत्या.

"तुम्ही बांधला?" मी विचारलं.

"धुऊन झाली," त्या अडखळत म्हणाल्या, "आन मनात आलं, उद्या समद्या लेकींची वटी भरनार. ही बी आपलीच की. लांबनं नदीवरनं आली आपल्या गावाला. हिची न्हाई भरायची? पर टाकीला पदर कुटला? तितं एक त्येवडंच लोंबत हुतं, तांबडा दिवा लुकलुकत हुता त्येच्यावं. म्हनलं, हेच हिचं काळीज असंल." त्यांचे डोळे भरून आले. "माज्यापायीच झालं का समदं? माजीच लेक येनार, आन मीच पानी तोडलं व्हय?"

"तुम्ही पाणी तोडलं नाही," मी म्हटलं. "यंत्राला मान दिलात. त्यालाच तो झेपला नाही."

ज्ञानू हसायला लागला. मग हौसाबाई. डोळ्यांतलं पाणी पुसत, कणकेच्या हाताने गाल पांढरा करत त्या अशा हसल्या की स्वयंपाकाकडच्या बायका धावत बघायला आल्या.

सव्वाबाराला एसटीच्या गाड्या वेशीत थांबल्या. नळांना नळ्या जोडलेल्या होत्या. परातीच्या पराती भरून वाहत होत्या. लेकी उतरल्या. सत्तरीच्या, तिशीच्या, पाठीवर पोर असलेल्या. काही जणी परातीत पाय ठेवायच्या आधी नळाशीच थांबल्या. एक म्हातारी नळाची तोटी नुसती उघडत होती आणि बंद करत होती. कोणी तिला घाई केली नाही.

शेवंती तिसऱ्या गाडीतून उतरली. उंच, काळीसावळी, आईचाच आवाज. सोबत अकरा वर्षांची मुलगी. ज्ञानूने तिचे पाय परातीत घेतले आणि तांब्याने पाणी घालत राहिला. एक तांब्या, दोन, पाच, दहा. थांबेचना.

"आरं बास की दादा," शेवंती म्हणाली. "पानी वाया चाललं."

"जाऊ दे," तो म्हणाला. "आज जाऊ दे."

मी बाजूला उभी राहून रडत होते. सांगायला लाज कसली? मस्त मोकळी रडत होते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी बॅग उचलली, तर हौसाबाईंनी हाक मारली.

"तुमचं म्हायेर कुटलं वो, बाई?"

"माझं असं गाव नाही. वडलांच्या बदलीच्या नोकरीत वाढले. बदली झाली की माहेरही बदलायचं. आता तर तेही नाहीत." आणि मग, का ते माहीत नाही, मी पुढचंही सांगून टाकलं. "सासरही सुटलं चार महिन्यांपूर्वी."

त्यांनी "अरेरे" म्हटलं नाही. माझ्या हातात अजून तीच पुरचुंडी होती, ती काढून घेतली. मला पाटावर बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. कुंकू लावलं. "ठराव हाय गावचा," त्या म्हणाल्या. "ह्या दिसाला कुनाला काय इचारायचं न्हाई." आणि टाकीचा तो खण, तो नारळ आणि पाच ओंजळी गहू त्यांनी माझ्या ओढणीत घातले. "पोरी, टाकीचं तुला दिलं म्हून राग मानू नगंस. टाकीला दुसरं भरीन. जिन्याच्या पायरीशी."

दुसऱ्या दिवशी मला प्रणालीवर अहवाल भरायचा होता. "मूळ कारण" या रकान्यात तीनच पर्याय होते: यंत्रदोष, संपर्कदोष, मानवी चूक. तांबोळी म्हणाले यंत्रदोष नाही. मुलगी म्हणाली संपर्कदोष नाही. उरली मानवी चूक, पण त्यावर माझं बोट पडेना. मी नाडकर्णींना फोन लावला.

"त्या बाईंची चूक नव्हती हो ती," मी म्हटलं.

"नाही," नाडकर्णी म्हणाले. "मीही रात्रभर तोच विचार करत होतो. थांबा जरा."

फोनवर कळफलकाची टकटक ऐकू आली. मग माझ्या पडद्यावर चौथा पर्याय उगवला: मानपान. प्रणाली सगळ्यांची एकच असल्यामुळे तो साठही योजनांत एकाच वेळी उगवला. त्यासोबत टाकी धुण्याच्या सूचनांत एक नवी ओळ आली: "टाकीची ओटी भरायची असल्यास जिन्याच्या पहिल्या पायरीशी भरावी." या बदलाला सहा सह्या लागतात की नाही, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडून शहरात दुसरीकडे लागले. समितीने सल्लागार म्हणून माझं नाव प्रणालीवर तेवढं ठेवलं, म्हणून चिंचवळच्या सूचना मला अजून येतात. हँडल गावाला परत मिळालं, ते ज्ञानूच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असतं. शिवाय प्रणालीवर नोंदी करायलाही तो शिकला, काठी न सोडता.

लेकींना बोलवायचा तो दिवस गाव आता दरवर्षी करतं. नोकरी सोडल्यानंतर पहिल्यांदा तो आला, तेव्हा सकाळी साडेनऊला, मी ऑफिसच्या बैठकीत असताना मोबाइल थरथरला. राज्यभरातल्या साठ योजनांच्या अभियंत्यांना ती सूचना माझ्याबरोबरच गेली होती.

"चिंचवळ. तक्रार तातडीची. कारण: मानपान. तपशील: गावची एक लेक अजून आलेली नाही. आई परात घेऊन वेशीत बसली आहे."

दरवर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी ती येते. तक्रार लवकर बंद करा म्हणून आठ जिल्ह्यांतून मला फोन येतात, सर्वांत आधी नाडकर्णींचा. पण ती इथून बंद होत नाही, मी करून पाहिलंय. बंद करायचं बटण तिथे वेशीत, ज्ञानूच्या मोबाइलवर आहे, आणि माझे पाय ओले झाल्याशिवाय तो ते दाबत नाही.